ओले फॉर्म, कोरडे फॉर्म

मी डेटाबेसचं काम करते, आणि या धंद्यात माझं एक मत आहे ज्यावरून मी आजवर बऱ्याच हुशार लोकांशी भांडले आहे. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक नंबर असावा, तो मशीननं आपोआप द्यावा, एकानंतर दोन, दोनानंतर तीन, आणि त्या नंबराला काडीचाही अर्थ नसावा. ओळ पुसली तर नंबरही तिच्याबरोबर गेला, तो पुन्हा कुणाला मिळणार नाही. नवी ओळ आली की पुढचा नंबर. बस्स. हुशार लोकांना हे बघवत नाही. त्यांना नंबरात वर्ष घालायचं असतं, शाखेचं नाव घालायचं असतं. काही म्हणतात, वेगळा नंबर हवाच कशाला, माणसाचा मोबाइल नंबरच ओळख म्हणून वापरू. मी म्हणते, खुशाल वापरा. नवऱ्याचं सिम बायको वापरते, बायकोचं सासू वापरते, आणि अख्ख्या घरात मिळून फोन एकच असतो. मग बसा शोधत कोण कोण आहे ते. बिनअर्थाचा नंबर बरा, कारण त्याच्यावरून कुणी भांडत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. गेल्या वर्षी कळलं की त्या बिचाऱ्या नंबराची वाट मीच लावून ठेवली होती.

झालं असं की आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माझी पहिली नोकरी त्यांच्याकडेच लागली आणि अजून तिथंच आहे. तेव्हा ऑफिस अंधेरीला एका गाळ्यात होतं, आता पवईला काचेच्या इमारतीत आहे, बाकी साहेब होते तसेच आहेत.

"अगं, तो मच्छी मार्केटवाला प्रोजेक्ट आठवतो ना तुला? तूच केलेलास. त्यांना एक लेटर हवंय. सही कर आणि मोकळी हो."

पत्र टाइप करून तयारच होतं. बाजाराच्या समितीला लिहिलेलं एकच वाक्य: सदर यादीतील सभासद क्रमांक ज्येष्ठतेनुसार देण्यात आलेले आहेत. खाली माझं नाव आणि सहीपुरती मोकळी जागा.

कशासाठी, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं. जुना बाजार पाडून नवा हॉल बांधताहेत. मासळीवाल्या ज्यावर बसून विकतात ते ओटे नव्या हॉलमध्ये कार्डावरच्या नंबराप्रमाणे वाटायचं ठरलंय. एक नंबर दरवाजाशी, मग दोन, मग तीन, असं करत आतल्या भिंतीपर्यंत. काही बायकांनी आरडाओरडा केला, म्हणून समितीच्या सेक्रेटरींना लेखी हवं होतं की नंबर बरोबर आहेत, आणि तेही ज्यानं यादी बनवली त्याच्या सहीनं.

"सर, हे नंबर ज्येष्ठतेचे नाहीत."

"मग कशाचे आहेत?"

"कशाचेच नाहीत. मी ज्या क्रमानं टाइप केलं त्या क्रमानं मशीननं दिले."

"मग केलं असशील ना तू ज्येष्ठतेच्या क्रमानं!"

कोणत्या क्रमानं केलं होतं ते मला लख्ख आठवत होतं.

त्याच्या नऊ वर्षं आधी सेक्रेटरी स्वतः एका निळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून दीडशेच्या वर फॉर्म घेऊन आले होते. नाव, वय, गाव, किती वर्षं बसते, वारस कोण, आणि खाली सही किंवा अंगठा. बायका बऱ्याचशा खारदांड्याच्या, थोड्या इकडच्या तिकडच्या. पिशवी उघडली आणि गाळ्यातली मंडळी नाक धरून चहाला पळाली. निम्मे फॉर्म ओले होते, काहींना खवले चिकटले होते. मला त्या वासाचं वावडं नाही, आम्ही कोकणातले, रविवारी आमच्या घरात दुसरा वास नसतोच. पण ओला कागद उचलायला गेलं की फाटत होता. म्हणून मी दोरी बांधली, ओले फॉर्म चिमटे लावून पंख्याखाली वाळत घातले आणि आधी कोरडे टाइप केले. मग दमट होते ते. ज्यांच्यातून पाणी निथळत होतं ते तिसऱ्या दिवशी, अगदी शेवटी. मी टाइप करत गेले, मशीन नंबर देत गेलं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते मी पुढं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, कार्डावर नंबर पाहिजे. नंबराशिवाय कार्डाला कोण विचारतंय?" कार्डासाठी वेगळा क्रमांक करायचा तर सेक्रेटरींबरोबर बसून बाजाराची रांग समजून घ्यावी लागली असती. मला कंटाळा आला. मी तक्त्यातला तोच बिनअर्थाचा नंबर उचलला आणि कार्डाच्या कोपऱ्यात लाल रंगात ठळक छापला. तेव्हा ते झकास दिसलं होतं.

साहेबांना म्हटलं, सही करण्याआधी एकदा बघून येते. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीच्या घरून थेट अंधेरीच्या त्या बाजारात गेले. दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताच्या पहिल्याच ओट्यावर सत्तरीच्या पुढची एक बाई सुरमई कापत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं कोयता खाली ठेवला नाही.

"तू ती कार्डवाली? बरी आलीस." कमरेच्या पिशवीतून तिनं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. नंबर एकशे त्रेचाळीस. "माझी सासू इथं बसायची. मी लग्न होऊन आले ती इथंच बसले. माझ्यामागं सून बसंल. आणि तुझा नंबर मला तिथं पाठवतो." कोयत्यानंच तिनं पार आतली भिंत दाखवली. "तिथं गिऱ्हाईक येतं काय गो बाय? दरवाजात पापलेट दिसलं की ते आत मरायला कशाला जाईल?"

"मावशी, तुम्ही तो फॉर्म कुठं भरला होतात?"

"कुठं म्हणजे? इथंच. सेक्रेटरी आला, बोलला अंगठा दे. समोर गिऱ्हाईक उभं. दिला अंगठा."

हात पुसले होते का, हे विचारायची गरज नव्हती. मी तिथंच उभी राहून सगळी रांग बघितली. दरवाजाशी बसणाऱ्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्यापुढं गिऱ्हाइकांची गर्दी, त्यांचे हात सदा बर्फाच्या पाण्यात. त्यांचे फॉर्म सर्वांत ओले, म्हणून नंबर सर्वांत शेवटचे. आत भिंतीकडं बसणाऱ्यांना सवड होती, काहींनी तर फॉर्म घरी नेऊन निवांत भरून आणले होते. त्यांचे फॉर्म कोरडे, म्हणून त्या पहिल्या. माझ्या पंख्यानं आणि माझ्या चिमट्यांनी अख्खा बाजार जवळजवळ उलटा करून ठेवला होता.

"मावशी, तुमचा हा ओटा कितवा?" मी विचारलं.

"कितवा म्हणजे?" तिला प्रश्नच कळला नाही. "उजव्या हाताला दरवाजा, डाव्या हाताला ही." शेजारची बाई बोंबील निवडता निवडता हसली. "ही नाय आली तर हिच्या ओट्यावर मी गोणपाट टाकते. हिची मासळी आली असंल तर ती पण मीच विकते. मी नाय आले तर ही माझी विकते. कितवा न् बितवा आमाला ठाऊक नाय."

पवईला पोचल्यावर मी साहेबांना सांगितलं की सही करणार नाही. ओल्या फॉर्मांची गोष्ट ऐकून ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "ठीक आहे, मग नंबर बदलून टाक. म्हातारीला एक नंबर दे. खेळ खलास."

हे मी कधीच करणार नव्हते, आणि का ते त्यांना तावातावानं सांगितलं. त्या नंबरावर नऊ वर्षांत सगळं लटकलं होतं: बाईचा परवाना, तिची आरोग्य तपासणी, तिचा वारस. नंबर इकडचे तिकडे करताना एक चूक झाली तर एकीची सून दुसरीच्या नावावर जाणार. शिवाय छापलेली कार्डं दीडशे घरांत पडून होती, ती कोण बदलणार? आणि एवढं करून उद्या कुणी वारलं की सगळी रांग पुन्हा सरकवा. नंबरानं माणूस ओळखायचा असतो, माणसाची जागा नव्हे.

"लेक्चर नको. मी करतो सही," साहेब म्हणाले.

"करा. रविवारी त्यांची सभा आहे. मी तिथं उभी राहून सांगेन की पत्र खोटं आहे."

"नोकरीचा विचार कर जरा."

"केला."

खरं तर केला नव्हता. तो मी घरी जाताना बसमध्ये केला. आई म्हणाली, "तुका कित्याक व्हयी नसती कटकट?" आमचे बाबा गिरणीत होते आणि तोंड बंद न ठेवल्याचे परिणाम आईनं आयुष्यभर बघितलेत, त्यामुळं तिच्या विचारण्यात दम होता. पण तो लाल नंबर मी छापला होता. दुसऱ्या कुणी छापला असता तर कदाचित मीही गप्प बसले असते. हे मी तिला सांगितलं. तिनं ताट वाढलं आणि त्या रात्री पुन्हा तो विषय काढला नाही.

सभा बाजारातच होती, दुपारी, विक्री संपून फरशी धुतल्यावर. बायका आपापल्या ओट्यांवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कारकून, इस्त्रीचा शर्ट, अत्यंत सज्जन. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांना मनापासून वाटत होतं की कॉम्प्युटरचा नंबर वापरला की भांडण उरणार नाही. वाईट माणूस असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

मी उभी राहिले आणि सरळ बोलले. "तुमच्या कार्डावरच्या नंबराला काही अर्थ नाही. तुमचा फॉर्म ओला होता की कोरडा, एवढंच त्यात आहे." मग पिशवी, दोरी, चिमटे, पंखा सगळं सांगितलं. आधी हशा पिकला. मग दरवाजाकडच्या हसायच्या थांबल्या.

"पण मॅडम, नंबर कॉम्प्युटरनं दिलाय," सेक्रेटरी म्हणाले. "तो चुकेल कसा?"

"अडतीस नंबर कोण आहे? हात वर करा."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. हात वर झाला नाही.

"कुणीच नाही. मी सदतीस नंबरच्या बाईंचं नाव चुकून दोनदा टाइप केलं आणि एक पुसलं. अडतीस नंबर फुकट गेला. कॉम्प्युटरला तुमची रांग कळत असती तर त्यानं मध्ये भोक ठेवलं असतं का?"

"म्हणजे मी दोन वेळा होते?" कुठूनतरी सदतीस नंबर ओरडली. "मग मला दोन ओटे द्या ना!"

त्या हशात मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात आतल्या भिंतीकडून एक बाई उठली. माझ्याच वयाची, ओढणी कमरेला खोचलेली. ती चालत मधोमध आली आणि तिनं आपलं कार्ड माझ्यापुढं धरलं. नंबर एक.

"बारा वर्षं मी संडासाच्या भिंतीला बसते," ती म्हणाली. "माझी सासू नव्हती इथं, माझं कुणीच नव्हतं. जी जागा कुणाला नको ती मला दिली. गिऱ्हाईक नाही, म्हणून फॉर्म घरी नेला, माझ्या पोरीनं चांगल्या अक्षरात भरला. आज पहिल्यांदा मला पुढं बसायला मिळत होतं. आणि तू एवढी शिकलेली बाई येऊन मला परत मागं ढकलतेस?"

तिचा एकूण एक शब्द खरा होता. तरीही मी म्हटलं, "हो, ढकलते. तू मागं बसतेस हे वाईट आहे. ते बदलायचं असेल तर सगळ्यांनी मिळून बदला. चिठ्ठ्या टाका, दरवर्षी जागा फिरवा, मी टाळ्या वाजवीन. पण ते हात वर करून, एकमेकींच्या तोंडाकडं बघून करा. माझ्या मशीनच्या नावावर नाही. या मावशींची जागा कुणी काढून घेतली नव्हती, माझ्या पंख्यानं काढून घेतली. ती मी घेऊ देणार नाही."

"तुला बोलायला काय जातंय?" ती म्हणाली.

सेक्रेटरींनी चिठ्ठ्यांची सूचना खरंच मांडली. आतल्या बाजूचे हात वर झाले, दरवाजाकडचे झाले नाहीत, आणि मधल्या बायकांनी इकडं तिकडं बघून आपले हात मांडीवर ठेवले. सूचना पडली. ज्या रांगेत बसतो त्याच रांगेत नव्या हॉलमध्ये बसायचं, असं ठरलं. मला आनंद झाला नाही. पश्चात्तापही झाला नाही, हेही सांगून टाकते.

आता ती रांग लिहिणार कशी, हा प्रश्न होता. ओट्यांना नंबर नव्हते आणि कितवा म्हटलं की बायका हसत होत्या. मी लॅपटॉप घेऊन ओट्याओट्याशी गेले आणि प्रत्येकीला एकच विचारलं, "तुझ्या डाव्या हाताला कोण?" ती शेजारणीचं नाव सांगे, मी शेजारणीचा नंबर तिच्या ओळीत नव्या रकान्यात टाकी. एकशे त्रेचाळीसच्या पुढं एकशे पन्नास, एकशे पन्नासच्या पुढं एकशे बत्तीस. नंबर कसेही असोत, साखळी जुळत गेली. उद्या कुणाच्या जागी सून आली, दोघींच्या मध्ये एखादी नवी आली, तरी दोन ओळी बदलल्या की झालं, बाकी कुणाला हलवायला नको. दीडशे बायकांत एकीचंही उत्तर चुकलं नाही. सेक्रेटरी माझ्यामागून चालत होते, भिंतीपर्यंत येता येता म्हणाले, "हे तेव्हाच विचारलं असतं तर, मॅडम?" मी त्यांची माफी मागितली.

भिंतीशी नंबर एक बसली होती.

"डाव्या हाताला कोण?"

"दिसत नाही? भिंत."

भिंतीला नंबर नाही. मी तो रकाना रिकामा ठेवला आणि ती माझ्या बोटांकडं बघत राहिली.

ते पत्र साहेबांनी शेवटी पाठवलं नाही. मला त्या कामावरून काढलं आणि माझ्यानंतर आलेल्या एकाला माझ्या डोक्यावर आणून बसवलं. तो परवा विचारत होता की ओळखनंबर म्हणून मोबाइल नंबर का नको. मी त्याला अर्धा तास झापलं.

या वर्षी नवा हॉल उघडला. पांढऱ्या लाद्या, भरपूर उजेड, संडास मात्र पुन्हा त्याच भिंतीला. पहिल्या रविवारी मी गेले, तर दरवाजाशी मावशी आपल्या ओट्यावर थाटात बसलेल्या, शेजारी सून. मला बघून त्यांनी सुरमईचे मोठाले तुकडे पिशवीत भरायला घेतले. "पैशाचं नाव काढू नको गो बाय. तू होतीस म्हणून मी इथं आहे."

"मावशी, जागा तुमचीच होती. मी फक्त माझी चूक सांगितली," मी म्हटलं आणि आत चालू लागले. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. माझ्यामागून त्या बरंच काही बोलल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भिंतीशी मांदेलीची पाटी होती, ताजी, चकाकणारी. "अर्धा किलो दे," मी म्हटलं.

नंबर एकनं माझ्याकडं वर पाहिलं. "तुला नाही विकत."

मी रिकाम्या हातानं घरी गेले. आईनं त्या दिवशी डाळ केली. पुढच्या रविवारी पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिले. तिनं माझ्या बाजूनं हात लांबवून मागच्या गिऱ्हाइकाला मासळी दिली. मी तशीच उभी राहिले, ती तशीच विकत राहिली, आणि पाटी संपल्यावर मी निघाले. आई म्हणाली, तू वेडी आहेस. असेन. पण दरवाजाशी घ्यायची नाही, आणि हिला चुकवून दुसरीकडंही जायचं नाही, एवढं माझं ठरलं होतं.

तिसऱ्या रविवारी तिनं मला दुरूनच येताना बघितलं. मी जवळ पोचले तशी तिनं मान खाली घातली, मूठभर मांदेली उचलून तराजूत टाकली, आणखी मूठभर टाकली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"साफ करून देऊ, की अशीच नेतेस?"